झाऊवालीची शिरगणती

माझे वडील गुणवंत तायडे यांनी चौतीस वर्षं दिल्लीत गावं मोजली, आणि तीही कागदावर. अकोला जिल्ह्यातून बी.ए. होऊन ते बासष्ट साली केंद्र सरकारच्या एका कचेरीत लागले. उत्तरेकडच्या राज्यांतून येणाऱ्या गावांच्या याद्या तपासायच्या, हे त्यांचं काम. प्रत्येक गावाला एक ओळ असायची. क्षेत्रफळ किती, घरं किती, पुरुष किती, बायका किती, पाणी विहिरीचं की नदीचं, शाळा आहे का, पक्का रस्ता आहे का, जवळचं शहर किती लांब. एका गावाचा सगळा भूगोल आणि सगळी माणसं त्या एका ओळीत मावायची.

आम्ही आर. के. पुरमला दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा कधी फारसे कुठे गेले नाहीत, पण न पाहिलेली हजारो गावं त्यांना पाठ होती. सरोजिनी नगरच्या बाजारात भाजीवाल्याला ते आधी गाव विचारायचे. तो नाव सांगायचा, की हे म्हणायचे, "अच्छा, वहाँ तो पक्की सड़क अभी भी चार किलोमीटर दूर है." भाजीवाला चकित व्हायचा, दोन मिरच्या जास्त टाकायचा. आई, म्हणजे हेमलता, पिशवी धरून उभी असायची. तिला या गोष्टीचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, सुटीच्या दिवशीही ऑफिस घेऊनच फिरतात.

याद्यांत काही गावांपुढे एक शब्द यायचा, बेचिराग. जिथे दिवा लागत नाही ते गाव. नाव असतं, नंबर असतो, जमीन असते, पण माणूस राहत नाही. अशा गावाच्या ओळीत पुढे नुसत्या आडव्या रेघा. बाबांना त्या ओळी तपासायला सोप्या जायच्या, कारण त्यात बेरीज नसायची.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात यमुनेला मोठा पूर आला. पुढच्या वर्षी, एक्क्याऐंशीच्या शिरगणतीसाठी गावांच्या कच्च्या याद्या येऊ लागल्या. पानिपतच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या अशा एका यादीत झाऊवाली नावाचं गाव होतं. एकाहत्तर साली तिथे तीनशेच्या वर माणसं होती, आता बेचिराग. पूर आला होता, तेव्हा गाव वाहून गेलं असणार. बाबांनी लाल पेन्सिलीने शेजारी टिकमार्क केला आणि पुढच्या ओळीकडे गेले.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एक पोस्टकार्ड त्यांच्या टेबलावर आलं. 'गाव लिखने वाला दफ़्तर, दिल्ली' एवढाच पत्ता होता, आणि तीन-चार कचेऱ्यांचे शिक्के खाऊन ते पोचलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव रतीराम. पूर्वी होडी चालवायचा. त्याने हिंदीत लिहिलं होतं की आमचं गाव झाऊवाली, पटवारी म्हणतो दिल्लीने ते उजाड लिहिलंय, रेशनच्या डेपोने आमची नावं कापली, मास्तरची बदली झाली. आम्ही मात्र इथेच आहोत, कोणाला तरी पाठवा.

साहेबांनी कार्ड वाचलं आणि फाईलला लावायला सांगितलं. यादी जिल्ह्यातून आलेली आहे, आपण तिच्यात हात घालू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचंही नव्हतं. पण घरी आल्यावर बाबांनी ताट अर्धंच ठेवलं. आईने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "टिकमार्क माझा आहे."

पुढच्या रविवारी ते सकाळी पहिल्या बसने कश्मीरी गेटला गेले आणि तिथून पानिपतची बस धरली. जानेवारी होता. पानिपतपासून दुसरी बस, मग एका गावापासून पायी दोन तास. हा रस्ता त्यांनी मला इतक्यांदा सांगितला, की मी तो पाहायच्या आधीच मला माहीत होता. आधी उंच काठ, त्यावर गव्हाची शेतं. मग जमीन एकदम खाली उतरते आणि वाळू लागते. पुढे कोरड्या नदीचं रुंद पात्र, मधेमधे घोट्याएवढं पाणी. ही यमुनेची जुनी धार. ती ओलांडली की झाऊची झुडपं, आणि झुडपांच्या मागे एका टेकाडावर गाव. गावाच्या पलीकडे दोन शेतं, आणि मग नदी.

तिथे उभं राहिल्यावर काय झालं ते बाबांना कळलं. गाव कुठेच गेलं नव्हतं. नदी गेली होती. नदी हीच दोन राज्यांची हद्द. पुराआधी ती गावाच्या पश्चिमेने वाहायची, म्हणून गाव पलीकडच्या राज्यात धरलेलं. पुरात तिने कूस बदलली आणि ती गावाच्या पूर्वेला आली. पलीकडच्या राज्याचा कर्मचारी काठावर आला, समोर पाणी पाहिलं, आणि बेचिराग लिहून परत गेला. अलीकडच्या राज्याच्या दप्तरात या नावाचं गाव कधी नव्हतंच. होडीचा घाट बंद झाला होता आणि रतीरामची होडी दारात पालथी पडली होती.

ही सगळी झीवर मंडळी, नदीवर जगणारी. उन्हाळ्यात वाळूत टरबूज-काकडी लावायची, पावसाळ्यात मासे धरायचे. रतीरामची बायको अनारो बाबांना घरोघर घेऊन गेली. बाबांनी जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर घरमालकाचं नाव, पुरुष, बायका, मुलं असं लिहायला घेतलं. बायका नवऱ्याचं नाव घेईनात, अनारो ते घ्यायची. दिवस कलेपर्यंत सत्तेचाळीस घरं झाली, दोनशे त्र्याऐंशी माणसं. शेवटच्या घराच्या ओट्यावर बाबा बेरीज करत बसले असताना तिने विचारलं, पुरात खरंच सगळे मेले असं कुणी कळवलं होतं का? बाबा म्हणाले, नाही, कुणी कळवलं नव्हतं.

"दो मरे थे, बाबूजी," अनारो म्हणाली. "तुमने सारे लिख दिए."

ती हे रागाने बोलली नव्हती. म्हणूनच ते बाबांना जास्त लागलं असावं. टिकमार्कचं त्यांनी तिला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही फार वर्षांनी.

सोमवारी त्यांनी कचेरीत सविस्तर टिपण दिलं. सोबत गावाचा नजरी नकाशा काढला: नदीची जुनी धार, नवी धार, टेकाड, विहीर, सत्तेचाळीस चौकोन. नजरी नकाशा म्हणजे मोजपट्टी न लावता, नजरेने पाहून काढलेला. आठ दिवसांनी त्यांना मेमो मिळाला. परवानगीशिवाय दौरा केला, स्वतःच्या अधिकारात नसलेली चौकशी केली. खुलासा द्या. त्यांनी दिला. मेमो त्यांच्या सर्व्हिस बुकला लागला आणि त्यांची बढती दोन वर्षं मागे पडली. आई ते कधी विसरली नाही. आपल्या लोकांना आधीच कोण पुढे येऊ देतं, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने कारण देता, असं ती म्हणायची. बाबा भांडणारे नव्हते. शर्टाच्या बाह्या नीट दुमडून ते बागेतल्या नळावर बादली भरायला जायचे.

पुढचं वर्षभर त्यांनी दोन्हीकडच्या जिल्ह्यांना पत्रं लिहिली. कुणाचंही उत्तर नकार देणारं नसायचं. पलीकडचे लिहायचे, गाव आता नदीच्या त्या तीरावर आहे, तिकडे विचारावं. अलीकडचे लिहायचे, हे गाव आमच्या महसुली नोंदीत नाही, तिकडे विचारावं. शेवटी एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी आला. मोजणीसाठी घरोघर जाणारे मास्तर कामाला लागले, आणि झाऊवालीकडे कोणी जाणार नव्हतं. बाबांनी दहा दिवसांची अर्जित रजा टाकली. ती रजा आम्ही अकोल्याला जाण्यासाठी राखून ठेवली होती. मी तेरा वर्षांची होते. मी रुसले, ते मला आठवतं.

अलीकडच्या तहसीलदारासमोर ते तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी तहसीलदाराने त्यांना आत बोलावलं. तो भला माणूस होता, पण झोप न झालेला. त्याने नकाशा पाहिला आणि सांगितलं की नवं गाव निर्माण करायचा अधिकार त्याला नाही. एक करता येईल. जवळचं गाव बरोली. झाऊवालीला बरोलीचा माजरा, म्हणजे वाडी, धरायचं. बरोलीच्या मास्तरांना तिथे पाठवतो. माणसं मोजली जातील, पण बरोलीत.

"और नाम?" बाबांनी विचारलं.

"नाम की बात मत कीजिए, तायडे साहब. गिनती ले लीजिए."

बाबा मला म्हणाले होते, त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची स्वतःची वस्ती आली. गावकुसाबाहेरची चाळीस घरं. गावाच्या आकड्यात ती माणसं दर खेपेला धरलेली असायची, गावाच्या विहिरीवर मात्र त्यांना जागा नव्हती. आकड्यात असणं आणि गावात असणं यांतलं अंतर त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी हो म्हटलं. दुसरीकडे शून्य होतं.

बरोलीचे मास्तर पायाने अधू होते. वाळूतून चालायला त्यांना वेळ लागायचा. बाबा दोन दिवस त्यांच्याबरोबर गेले, त्यांची फॉर्मची पिशवी स्वतः घेतली. या वेळी दोनशे एकोणऐंशी माणसं भरली. त्र्याऐंशी साली शिरगणतीचं पुस्तक छापून आलं. बरोलीची लोकसंख्या दहा वर्षांत एकदम फुगलेली दिसत होती. आणि नदीपलीकडच्या राज्याच्या पुस्तकात झाऊवाली होतं, बेचिराग, पुढे रेघा.

फायदा झालाच नाही असं नाही. बरोलीच्या नावावर रेशनकार्डं आली. साखर, रॉकेल मिळू लागलं. मुलांना बरोलीच्या शाळेत घेतलं. पण ती शाळा वाळूतून तासाभराच्या चालीवर, आणि पावसाळ्यात जुन्या धारेला पाणी यायचं. मुली जाईनाशा झाल्या, मग लहान मुलंही. रतीराम मधूनमधून कार्ड पाठवायचा. तक्रार नसायची. विहीर ढासळली, अमक्याला मुलगा झाला, तमका पानिपतला गेला, असं तो कळवायचा. बाबा ते आकडे एका वहीत दुरुस्त करत राहायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मधली वर्षं तशीच गेली. दर जानेवारीत बाबा एक स्मरणपत्र टाईप करून घ्यायचे, क्रमांक आणि तारीख बदलून. टायपिस्ट हसायचे. हळूहळू ते पत्र कचेरीतल्या रिवाजासारखं झालं, त्यात कुणाला राग नव्हता आणि लक्षही नव्हतं. बाबांचे केस पांढरे झाले, डोळ्यांना जाड भिंग आलं, बस पकडताना ते कठड्याला धरून थांबू लागले. एकदा मी विचारलं, आणखी किती वर्षं लिहिणार? ते म्हणाले, "सवय झालीय, सुनीती. थांबवायचं म्हटलं तर त्यासाठीही काहीतरी ठरवावं लागेल. तेवढी ताकद नाही आता."

अठ्ठ्याऐंशीला पुन्हा पूर आला. नदी टेकाडाचा पूर्वेकडचा भाग खाऊन गेली. त्या वर्षापासून रतीरामचं कार्ड आलं नाही.

नव्वदच्या उन्हाळ्यात मात्र नदीकाठच्या महसुली नोंदी दोन्ही बाजूंनी जुळवल्या गेल्या. पुढच्या शिरगणतीची यादी टेबलावर आली, तेव्हा तिच्यात अलीकडच्या बाजूला एक नवा नंबर होता, आणि त्यापुढे झाऊवाली. बाबांच्या पत्रांचा त्याच्याशी काही संबंध होता का, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबांनी शोधलंही नाही. त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "झालं ना मग? आता बसा जरा." आणि त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर गेले. मी तेव्हा नोकरी शोधत होते, रिकामी होते, आणि त्यांना एकट्याने वाळू तुडवणं झेपलं नसतं. जुनी धार, झाऊची झुडपं, सगळं त्यांनी सांगितलं तसंच होतं. टेकाड मात्र अर्धंच उरलं होतं, वरून कापल्यासारखं. विहीर नव्हती. काठावर एका घराची एकच भिंत उभी होती, तिच्यात देवळी होती, आणि देवळीच्या मागे थेट पाणी.

अकरा घरं उरली होती, बावन्न माणसं. मोजायला आलेल्या बाईंचं काम एका दुपारीच संपलं. बाबा प्रत्येक दाराशी थांबून आधीच्या लोकांची नावं घेत होते. कुणी पानिपतला गेलं होतं, कुणी सोनिपतला, कुणाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. रतीराम पुरानंतरच्या हिवाळ्यात वारला. अनारो मुलाकडे पानिपतला गेली, तो तिथल्या मागावर कामाला होता. हे ऐकल्यावर बाबा पालथ्या होडीवर बसले. तिच्या फळ्या निघालेल्या होत्या. मला वाटलं त्यांना रडू येईल. त्यांनी बूट काढून आतली वाळू झटकली आणि पुन्हा घातले.

पुस्तक यायला आणखी तीन वर्षं लागली. बाबांनी त्या पानाची झेरॉक्स काढली आणि आम्ही पानिपतला गेलो. अनारोचं घर शोधायला दुपार गेली. पत्र्याच्या छपराखाली जुन्या लोकरी कोटांचे ढीग होते, परदेशातून आलेले. ते फाडून त्यांचं सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं करतात. आठ-दहा बायका त्या कोटांची बटणं कापत बसल्या होत्या. त्यांत ती होती. तिने बाबांना लगेच ओळखलं, मला म्हणाली, हे तेव्हा किती काळे केसवाले होते.

बाबांनी कागद तिच्यासमोर धरला आणि ओळीवर बोट ठेवलं. क्षेत्रफळ, घरं अकरा, माणसं बावन्न, पाणी नदीचं, शाळा नाही, रस्ता नाही. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे, ते तिने विचारून घेतलं आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ पाहिलं.

मग तिने विचारलं, "इन बावन में मैं हूँ?"

बाबांना खोटं बोलता आलं असतं. तिने ते तपासलं नसतं.

"नहीं," ते म्हणाले. "आपको यहाँ गिना है. पानीपत में."

"और रतीराम?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

अनारो "अच्छा" म्हणाली. तिने कागदाची घडी केली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि आम्हाला चहा पाजला. निघताना तिने मला एका कोटाचं मोठं तपकिरी बटण दिलं, शिंगाचं वाटावं असं. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. करनाल बायपासला उतरणाऱ्यांचा गलका झाला तरी ते जागे झाले नाहीत. इतके गाढ झोपलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शहाण्णवला ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेला छोट्या फ्लॅटमध्ये आलो. पुस्तकं, नकाशे, ती वही, सगळं आईने एका ट्रंकेत घातलं. बाबांनी ती उघडल्याचं मला आठवत नाही. सकाळी पेपर, संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसणं. बाजारात कुणाला गाव विचारणं त्यांनी कधी सोडलं, ते आमच्या लक्षातही आलं नाही.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत एक बाई आमच्या दाराशी आली. शाळेतल्या शिक्षिका, हातात फॉर्म, तिसरा मजला चढून धापा टाकत होत्या. लिफ्ट बंद होती. मी तेव्हा माहेरी आले होते. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा लावायला सांगितलं, पाणी आणवलं. दिवसभरात किती घरं होतात, एवढं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, पायांची वाट लागते अंकल, आणि लोक दार उघडत नाहीत.

नाव, वय, शिक्षण झालं. जन्मठिकाण विचारलं तेव्हा बाबांनी आपल्या गावाचं नाव सांगितलं. बाईंना ते नीट ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, गाव नाही सांगितलं तरी चालेल, राज्य आणि जिल्हा पुरे. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील.

"महाराष्ट्र," ते म्हणाले. "अकोला. लिख लीजिए."

बाईंनी लिहून घेतलं आणि आईकडे वळल्या.